ग्रंथ इतिहास घडवितात काय?

(अभ्यासिकेच्या व्याख्यानमालेत विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय विद्यार्थ्यांनीच सुचविलेला आहे. जगात काही ग्रंथ बदनाम झाले. त्यांच्यामुळे युद्धे पेटली, लक्षावधी माणसे मारली गेली, पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राहिल्या असे आपण म्हणतो. हे कितपत खरे आहे? कागदावरच्या काळ्या अक्षरांत एवढे बळ असते काय? या प्रश्नाची दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. सगळा अनर्थ त्या ग्रंथानेच केला, हे एक. पुस्तकाने काय होते, इतिहास पोटाच्या प्रश्नाने आणि बंदुकीने घडतो, हे दुसरे. दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटतात. दोन्हींत माणसाची सुटका आहे. पहिल्यात दोष कागदावर जातो, दुसऱ्यात परिस्थितीवर. ज्यांनी हातांनी काम केले ते मोकळेच राहतात.

तेव्हा हवेत न बोलता एक ग्रंथ घेऊ. हिटलरचे ‘माइन काम्फ’. आज आपल्याकडे ते उघड विकले जाते, त्याचे मराठी भाषांतरही मिळते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी, चकचकीत मुखपृष्ठात ते मांडलेले आपणही पाहिले असेल.

नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिक शहरात सत्ता उलथविण्याचा प्रयत्न फसला. हिटलरवर देशद्रोहाचा खटला झाला. एप्रिल १९२४ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, पण न्यायालय इतके मायाळू की डिसेंबरात तो बाहेर. लँड्सबर्गच्या त्या तुरुंगात त्याने हे पुस्तक लिहावयास घेतले. पहिला खंड जुलै १९२५ मध्ये आला, दुसरा १९२६ च्या अखेरीस. किंमत बारा मार्क, म्हणजे त्या वेळी कामगाराला न परवडणारी.

आता खप पाहा. १९२५ साली साडेनऊ हजारांच्या आसपास. १९२६ साली सात हजारांच्या आत. १९२७ साली साडेपाच हजार. १९२८ साली तीन हजार. ज्या ग्रंथाने जर्मनी पेटविली असे म्हणतात, त्याची ही अवस्था! वर्षामागून वर्ष खप उतरत गेला. १९२८ साली त्याने आणखी एक पुस्तक लिहिले, ते तर त्याच्या हयातीत छापलेच गेले नाही. त्याच १९२८ च्या मे महिन्यातील निवडणुकीत त्याच्या पक्षाला मते पडली अडीच टक्क्यांच्या थोडी वर, जागा फक्त १२. म्हणजे ग्रंथ बाजारात येऊन तीन वर्षे झाली होती, त्यातला विखार जसाच्या तसा छापलेला होता, आणि जर्मन मतदाराने पाठ फिरविली होती.

मग असे काय झाले? १९२९ च्या अखेरीस जागतिक मंदी आली. कारखाने बंद पडले. १९३२ च्या प्रारंभी जर्मनीत साठ लाखांहून अधिक माणसे बेकार होती. पहिल्या महायुद्धातील पराभव, व्हर्सायच्या तहाची बोच, १९२३ मधील चलनाची धूळधाण हे सारे मनात होतेच. सप्टेंबर १९३० मध्ये नाझी पक्षाला १८ टक्के मते आणि १०७ जागा मिळाल्या. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के आणि २३० जागा. या काळात पुस्तकही खपू लागले. १९३० साली स्वस्त आवृत्ती निघाली आणि खप पन्नास हजारांवर गेला, १९३२ साली नव्वद हजारांवर. विद्यार्थ्यांनी हा क्रम वहीत टिपून घ्यावा. पुस्तक खपले म्हणून मते मिळाली, असे आकडे सांगत नाहीत. मते मिळू लागली, नाव झाले, म्हणून पुस्तक खपू लागले.

त्यातही नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याची मते घटून ३३ टक्क्यांवर आली होती. उतरती लागली होती. अशा वेळी त्याला सत्तेवर बसविले ते मतपेटीने नव्हे. माजी पंतप्रधान पापेन आणि वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या भोवतालच्या प्रतिष्ठित मंडळींनी ठरविले की या माणसाला आत घेऊ आणि आपल्या मुठीत ठेवू. ३० जानेवारी १९३३ रोजी तो पंतप्रधान झाला. त्या प्रतिष्ठितांपैकी किती जणांनी ते पुस्तक लक्षपूर्वक वाचले होते, कोण जाणे! वाचले असते तर मूठ आवळली जाणार ती आपल्याच गळ्याभोवती, हे कळले असते.

येथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, झाले तर, पुस्तकाचा काही संबंधच नव्हता. थांबा. खरी गोष्ट येथून पुढे आहे.

१९३३ या एका वर्षात त्या पुस्तकाच्या दहा लाखांच्या घरात प्रती गेल्या. आता त्याच्यामागे सरकार होते. शाळेत त्यातील उतारे आले. १९३६ साली गृहखात्याने सूचना काढली की विवाहनोंदणी करणाऱ्या प्रत्येक जोडप्याला पालिकेने त्याची एक प्रत भेट द्यावी. खर्च पालिकेने सोसायचा, त्यामुळे काही पालिकांनी टाळाटाळही केली. (सरकारी योजनांचे हे दुखणे सर्वत्र सारखेच!) १९४५ पर्यंत सुमारे एक कोटी वीस लाख प्रती निघाल्या. युद्धानंतर कित्येक जर्मनांनी सांगितले की पुस्तक घरात होते, पण आम्ही उघडले नव्हते. अलीकडच्या संशोधकांना हे सगळे पटत नाही. पण घटकाभर खरे मानू. न वाचलेले पुस्तक घरात ठेवले तरी काम करीत होते. ते फळीवर दिसणे ही निष्ठेची खूण होती, आणि न दिसणे हा संशय. ज्या शिक्षकाला, ज्या कारकुनाला, ज्या पोलिसाला शेजाऱ्याच्या दारावर लाथ मारायची होती, त्याला आता आपल्या नीचपणासाठी आधार मिळाला. मी करतो ते पाप नाही, ते तर तत्त्व आहे, आणि ते छापलेले आहे.

ग्रंथाचे काम ते हेच. द्वेष ग्रंथाने जन्माला घातला नव्हता, युरोपात तो शतकानुशतके होता. बेकारीही ग्रंथाने आणली नाही. ग्रंथाने द्वेषाला प्रतिष्ठा दिली आणि सत्तेने ग्रंथाला हात दिले. १९३५ चे न्यूरेंबर्गचे कायदे झाले, १९४१ साली रशियावर स्वारी झाली, साठ लाख ज्यूंचा संहार झाला. पूर्वेकडे जमीन बळकावण्याची भाषा त्या पुस्तकात स्पष्ट आहे. संहाराची योजना मात्र त्यात टप्प्याटप्प्याने लिहिलेली सापडत नाही. ती पुढे कचेऱ्यांतून, बैठकांतून, रेल्वेच्या वेळापत्रकांतून तयार झाली. त्याच्या मनात ती प्रथमपासून होती की परिस्थितीने घडत गेली, यावर इतिहासकारांचा वाद आहे. पण कायदे करणारे, आगगाड्या हाकणारे, नोंदी ठेवणारे हात माणसांचे होते, यावर वाद नाही.

याच पुस्तकाची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९३४ साली पॅरिसमधील एका प्रकाशकाने परवानगी न घेता त्याचे संपूर्ण फ्रेंच भाषांतर छापले. हेतू असा की फ्रेंच जनतेला कळावे, हा शेजारी आपल्याविषयी काय लिहितो. हिटलरच्या प्रकाशनसंस्थेने फ्रान्समध्ये फिर्याद लावली, जिंकली, आणि विक्री थांबविली. जगाला शांततेचे बोल ऐकवणाऱ्या माणसाला आपलेच पुस्तक फ्रेंचांनी वाचू नये असे वाटत होते! इंग्लंडमध्ये १९३३ साली भाषांतर निघाले ते निम्म्याहून अधिक मजकूर गाळलेले. अमेरिकेत १९३९ साली अ‍ॅलन क्रॅन्स्टन या तरुण पत्रकाराने गाळलेले उघडे करणारी दहा सेंटची आवृत्ती काढली, ती लाखांनी खपली, आणि तीही स्वामित्वहक्काच्या दाव्यात बंद पाडली गेली. हा क्रॅन्स्टन पुढे कॅलिफोर्नियाचा सिनेटर झाला. ज्यांनी वाचायला हवे होते त्यांच्यापासून पुस्तक दूर ठेवले गेले आणि ज्यांना जरूर नव्हती त्यांच्या हाती लग्नात दिले गेले. बदनाम ग्रंथ शत्रूनेच आधी वाचावा लागतो, हे आमचे मत या प्रकरणावरून बनले आहे.

दुसरे उदाहरण याहून विचित्र आहे, कारण तो ग्रंथ मुळात खोटा. ‘झिऑनच्या वडीलधाऱ्यांचे इतिवृत्त’ या नावाने १९०३ साली रशियातील एका वृत्तपत्रात ते आले. ज्यू पुढाऱ्यांची गुप्त बैठक झाली आणि जग ताब्यात घेण्याचा कट ठरला, असा त्यात बनाव. १९२१ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये फिलिप ग्रेव्ह्ज या वार्ताहराने दाखवून दिले की यातील पानेच्या पाने १८६४ सालच्या एका फ्रेंच पुस्तकातून उचलली आहेत. मॉरिस जोली या वकिलाचे ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनवर टीका करणारे, त्यात ज्यूंचा काही विषयच नव्हता. १९३५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथील न्यायालयानेही ते बनावट ठरविले. मेले का पुस्तक? नाही. अमेरिकेत मोटारवाला हेन्री फोर्ड याच्या वृत्तपत्राने १९२० पासून तेच विष लाखो घरांत नेले होते. १९२७ साली त्याने माफी मागितली, पण विष परत घेता येत नाही. जर्मनीत जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री राथेनाऊ यांचा खून झाला, ते ज्यू होते. खुनात मोटार चालविणाऱ्या तरुणाने न्यायालयात सांगितले की राथेनाऊ त्या कटातील वडीलधाऱ्यांपैकी एक आहेत असे आपण मानत होतो.

आणि हिटलर? हे इतिवृत्त खोटे आहे असे ज्यूंची वृत्तपत्रे ओरडतात, हाच ते खरे असल्याचा पुरावा, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. अशा बुद्धीपुढे पुरावा काय करील? संकटात सापडलेल्या माणसाला आपल्या दुःखाचे कारण हवे असते. खरे कारण गुंतागुंतीचे असते, अभ्यास मागते. खोटे कारण शेजारच्या घरात राहते, त्याला नाव असते, आडनाव असते. म्हणून केवळ खंडन करून चालत नाही. खंडन करणारा एक लेख आणि पसरविणारे शंभर छापखाने, असा सामना असेल तर निकाल ठरलेलाच.

आता घरी येऊ. आपल्या इतिहासातील बदनाम ग्रंथ कोणता हे या सभेला सांगण्याची गरज नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी मनुस्मृती पाहिली होती काय? नाही. त्यांना अक्षर शिकायलाच बंदी होती. ज्याने त्यांना पाणवठ्यावरून हाकलले त्यानेही बहुधा ती वाचलेली नव्हती. ती गावोगाव जशीच्या तशी कायदा म्हणून चालत होती काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. गावगाडा चाले तो रूढीने, जातपंचायतीने, वतनाने. मग ग्रंथाचे काम काय? तेच, जे आपण जर्मनीत पाहिले. रूढीला कुणी प्रश्न केला की बोट ग्रंथाकडे जाई. शास्त्रात आहे म्हटले की तोंडे बंद. यात इंग्रजांचाही हात आहे, तो आपण विसरतो. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जच्या व्यवस्थेत हिंदूंचे वारसा, विवाह, जात यांविषयीचे दावे शास्त्रानुसार चालवावेत असे ठरले. १७९४ साली विल्यम जोन्सने केलेले मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास छापले गेले. पंडिताच्या पोथीला कोर्टाची पायरी मिळाली. म्हणजे येथेही ग्रंथाला नवे हात मिळाले ते सरकारकडून.

याची उलटी बाजूही महाडनेच दाखविली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद चांगला, अक्षरे चांगली. परंतु तीन वर्षे तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस जाऊ शकला नाही. वाईट कागदाला हात होते, चांगल्या कागदाला नव्हते! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा त्या ठरावाला पाय फुटले. त्यानंतर डोकी फुटली, सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले, आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, हे आपण जाणताच.

आणि मग २५ डिसेंबर १९२७. महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. त्या वेळीही विचारले गेले की ग्रंथ जुना, आज तो पाळतो कोण, मग जाळण्याची उठाठेव कशाला? बाबासाहेबांचा प्रतिप्रश्न सरळ होता. तो मृत असेल, तर कुणी जाळला म्हणून तुम्हांला दुःख का व्हावे? ज्या ग्रंथाच्या दहनाने माणूस कळवळतो तो ग्रंथ त्याच्या मनात राज्य करीत असतो, मग वाचलेला असो वा नसो.

येथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आमच्या मुलांना महाविद्यालयात ती ऐकावी लागते. म्हणतात, नाझींनीही पुस्तके जाळली आणि तुम्हीही जाळलीत, फरक काय? १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात वीस हजारांहून अधिक पुस्तके जाळली गेली. मार्क्स, फ्रॉइड, हाइने, रेमार्क. जाळणारे विद्यार्थी होते, आणि मंत्री गोबेल्स तेथे भाषण करीत होता. सत्ता त्यांची, पोलीस त्यांचे, वाचनालये त्यांच्या ताब्यात. ज्यांची पुस्तके जळत होती त्यांना देश सोडावा लागत होता. ती पुस्तके कुणीच वाचू नयेत हा हेतू होता. महाडला जाळणाऱ्यांच्या हाती तळ्याचे ओंजळभर पाणीही नव्हते. त्यांनी कुणाचे घर फोडून पोथी आणली नाही, कुणाला वाचायला बंदी केली नाही. बाबासाहेबांनी तर तो ग्रंथ इतका बारकाईने अभ्यासला होता की त्यांच्या पुढील लेखनात त्यातील आधार पानोपानी दिसतात. परदेशी कापडाच्या होळीची तुलना त्यांनी स्वतःच केली होती. होळीने गिरण्या बंद पडत नाहीत, हे होळी करणाऱ्यालाही ठाऊक असते. एका बाजूला सत्तेने दुबळ्याचे शब्द जाळले. दुसऱ्या बाजूला दुबळ्याने सत्तेचा परवाना जाळला. दोन्हींतून धूर निघतो म्हणून दोन्ही एक म्हणणाऱ्याला आम्ही एवढेच विचारतो की त्या दोन रात्री आगीच्या भोवती उभ्या असलेल्या माणसांपैकी दुसऱ्या दिवशी मार कोणाला बसणार होता?

शिवाय महाड आगीवर थांबले नाही. तळ्याचा दावा न्यायालयात चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे! आगीला एक रात्र पुरली, कागद बदलायला दशक लागले. त्यानंतर संविधान. अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगणारे १७ वे कलम हीसुद्धा छापील अक्षरेच. बोले ठरावाचे जे झाले ते त्याचे गावोगाव होऊ नये, हे काम कुणाचे?

आता शेवटचा मुद्दा, तो आपल्या वाचनालयाचा आहे. हिटलरच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर घ्यावे अशी मागणी एका विद्यार्थ्याने वहीत लिहिली आहे. त्याखाली दुसऱ्या कुणी तरी लाल शाईने ‘मुळीच नको’ असे लिहिले आहे. कार्यकारिणीत आमचे मत विचारले गेले, ते येथे उघड सांगतो. पुस्तक घ्यावे. मात्र ‘महान नेत्याचे प्रेरक आत्मचरित्र’ म्हणून विकले जाते तसे फळीवर ठेवू नये. जर्मनीतच याचा एक धडा आहे. युद्धानंतर स्वामित्वहक्क बव्हेरिया राज्याकडे होता आणि त्याने सत्तर वर्षे छपाई होऊ दिली नाही. हक्क २०१५ अखेर संपला, तेव्हा म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. दोन खंड, सुमारे दोन हजार पाने, साडेतीन हजारांवर टिपा. प्रत्येक थापेशेजारी तिचे खंडन. पहिल्या वर्षात पंच्याऐंशी हजारांच्या आसपास प्रती गेल्या, आणि त्यामुळे नाझी विचार बळावेल ही भीती खरी ठरली नाही, असे संपादकांनीच सांगितले.

आपल्याकडे तशी मराठी आवृत्ती आम्ही पाहिलेली नाही. तेव्हा आपली टीप आपणच लिहावी. १९२५ ते १९३३ चा खप आणि मतांचे आकडे एका कागदावर लिहून तो पुस्तकात चिकटवावा. शेजारी अ‍ॅन फ्रँक या मुलीची रोजनिशी ठेवावी, तीही मराठीत मिळते. त्याच कपाटात मनुस्मृतीही असावी, आणि तिच्याशेजारी ‘जातिनिर्मूलन’. आणि ज्या विद्यार्थ्याने मागणी केली त्याने ते पुस्तक महिनाभरात वाचून याच व्यासपीठावरून तासभर बोलावे. लाल शाईवाल्यांनी पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारावेत. तारीख कार्यवाहांनी आजच फळ्यावर लिहावी, ही विनंती.

जयभीम.